मोजणी

धुळा कोळपे मेंढरं घेऊन खानगाव थडीला उतरला होता,
तेव्हा हे पिल्लू मागितलं त्याच्याकडं.
पैसे नको म्हणाला. गोणीभर कांदे घेतले,
आणि निघताना काठीवर हनुवटी टेकून:
"हिला नुसती पाळू नका, बाई.
हिला पाळायला काहीतरी द्या."

पाळायला होतं की.
बागेत गोगलगायी झाल्या म्हणून
दौलतनं टोमॅटोच्या क्रेटमधून आणलेली बारा बदकं.
सासरे वाकून बघत राहिले,
"हे तोंड आहे का चप्पल?"
शिवाय माझ्या सोळा कोंबड्या, त्यातली एक कायम खुडुक,
ढेकळं दिली तरी उबवायला बसेल अशी.

सातव्या महिन्यात जिवलीनं खेळता खेळता
बोडकी कोंबडी मारली.
खाल्ली नाही. मेलीच कशी म्हणून
पंजानं उलटीपालटी करत बसली.
शेजारच्या ठकूआत्या म्हणाल्या,
मेलेली कोंबडी बांध हिच्या गळ्यात, कुजेपर्यंत.
सुतळी मी आणलीसुद्धा.
मग तीच सुतळी खुराड्याच्या दाराला बांधली,
बारदान अंथरलं,
आणि वीस रात्री तिच्याशेजारी झोपले.
पंख फडफडला की ती उठायची,
मी तिच्या मानेवर हात ठेवायचे,
ती परत बसायची.
एकविसाव्या रात्री माझाच डोळा लागला.
सकाळी एक बदक तिच्या पोटाला टेकून झोपलेलं,
आणि ती हलायला तयार नाही,
मुतायलासुद्धा.

पट्टा सायखेड्याच्या लोहारानं केला.
जाड कातडं, बाहेरच्या अंगाला चौदा खिळे.
घालताना माझंच बोट फाटलं.
"बिबट्या मानच धरतो," लोहार म्हणाला,
आणि चाळीस रुपये कमी घेतले.

पौषातली ती रात्र.
निफाडची थंडी, मणी तडकतील म्हणून
गावभर बागांतून शेकोट्या.
दौलत तिकडं, धुरात.
मी घरात एकटी.

बदकं रात्रभर बोलतात, हे पाळल्याशिवाय कळत नाही.
अंधारात एक काहीतरी पुटपुटतं,
दुसरं हुंकार देतं, तिसऱ्याला पटत नाही.
ती सगळी एकदम गप्प झाली.
जिवली भुंकली नाही.
उसाच्या बाजूनं काही आलं नाही, आवाज तर नाहीच,
फक्त एक वास, ओल्या गोणपाटासारखा.
मग पत्रा वाजला.
मग जे वाजलं त्याला माझ्याकडं शब्द नाही.

माझ्या एका हातात बॅटरी होती,
दुसरा हात कडीवर.
कडी मी काढली नाही.

हे दौलतला सांगितलेलं नाही.
सकाळी पावलांचे ठसे बघायला माणसं आली,
फोटो काढले, कुत्रीचं कौतुक केलं,
आणि मी सगळ्यांना चहा दिला.

पण त्याआधी, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा,
दार उघडून गेले.
कान फाटलेला. दोन खिळे वाकलेले,
एकाला पिवळट केस.
ती खुराड्याच्या दारात आडवी, जिथं वीस रात्री मी होते.
मी आधी बदकं मोजली. लाज वाटते सांगताना,
पण आधी बदकंच मोजली.
बारा.
कोंबड्या पंधरा.

मग ती उठली, लंगडत,
आणि तिनं तिची मोजणी सुरू केली.
एकेकीच्या शेपटाला नाक,
खुडुकीला दोनदा, कारण ती उठत नाही.
सगळ्यांत शेवटी माझ्याकडं आली.
माझ्या तळव्याला,
जिथं रात्रभर धरलेल्या कडीचा गंज लागला होता,
तिथं गार नाक टेकवलं,
आणि पुढं गेली.

वरून नांदूर-मधमेश्वरची रानबदकं चालली होती,
केकाटत, मोठ्या रांगेनं.
आमची बारा माना वाकड्या करून
एका डोळ्यानं वर बघत राहिली.
जिवलीनं बघितलं नाही.
ती तिच्यातली नव्हती.

मी तिच्यापुढं बदकाचं अंडं फोडलं.
तिनं ते चाटून घेतलं, टरफलासकट.