उधारीची वही

पत्र अकराला आलं, मोबाइलवर, तिरकं स्कॅन केलेलं:
अमुक बॅचचं खोकल्याचं औषध
पुढील आदेशापर्यंत विकू नये.
कारण, संशय.
नमुना तपासणीला गेला आहे.

फळीवर चार होत्या. खोक्यात घातल्या,
वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझी सही.
आल्या होत्या दहा.
म्हणजे सहा बाटल्या आचऱ्यात कुठेतरी
चमच्याचमच्याने कमी होत होत्या.

उधारीची वही काढली.
तारामती कुबल, पिरावाडी, एक.
पास्कू डिसोजा, एक, आणि मागचे चाळीस.
हरेश्वर तारी, एक, "होडी इली की देतंय."

शटर अर्धं ओढून स्कूटर काढली.
पास्कूने न फोडलेली परत दिली,
चाळीसचं नाव काढलं नाही. मीही नाही.
तारीची होडीवर होती. थांबले
सुकटीच्या वासात, पाच वाजेपर्यंत.
"अर्धी प्यालंय. खोकलो गेलो.
आता काय होतला?"
माहीत नाही, म्हटलं.
दुकान उघडल्यापासून अठरा वर्षांत
गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच.

तारामतीची रिकामी होती. धुऊन
तिने त्यात फिनेल भरलं होतं,
न्हाणीत, खालच्या कोनाड्यात.
लेबल तसंच: हसरं अस्वल, संत्र्याची चव.
"पोराक बरां वाटलां गो," ती म्हणाली,
आणि पोर तिच्या मागे, अस्वलाकडे बघत उभं.
फिनेल मी तेलाच्या डब्यात ओतून दिलं,
बाटली पिशवीत टाकली.
त्याबद्दल कुठलंच पत्र आलेलं नव्हतं.

ज्यांनी पैसे थकवले ते सापडले.
रोखीवाल्या तिघांचं माझ्याकडे काहीच नाही.
एकीची छत्री पिवळी होती.
एकाने देवगडचा रस्ता विचारला होता.
तिसरं माणूस आठवतच नाही,
ना घासाघीस, ना प्रश्न,
चांगलं गिऱ्हाईक.

फोन केला की "प्रक्रियेत आहे."
खोक्यातल्या चारांची मुदत मार्चात संपते.
निकाल लागायच्या आधीच
त्या निकालात निघतील.

आता रोख देणाऱ्यालाही नाव विचारते.
"कित्याक ओ?"
असंच, म्हणते, आणि लिहिते,
नाव, वाडी, बॅच,
उधारीच्याच वहीत.
दुसरी केलेली नाही.