विषय सात, विषय आठ

विभाग कार्यालय, तिसरा मजला, साडेअकरा.
मी इतिवृत्त लिहिते. एकोणतीस वर्षं.
कोण काय बोललं ते नाही,
काय बोललं असं ठरलं, ते.

विषय सात : पावसाळी पाण्याच्या वाहिन्यांमधील प्रदूषण.
विषय आठ : केबल टाकण्याच्या परवान्यांचं नूतनीकरण.
मध्ये चहा.

भाईडकर साहेबांनी नकाशा लावला.
नकाशात नाला निळा.
मागून कुणीतरी म्हणालं,
"सोमवारी निळा, बुधवारी जांभळा,
जीन्सच्या ऑर्डरवर असतं, साहेब."
सगळे हसले.
हसणं लिहायचं नसतं.

रंगखान्याचे पारसमल उठले.
आम्ही पाणी गाळूनच सोडतो, म्हणाले,
आणि हात खिशात घातला.
मला दिसलं होतं तोवर
अंगठ्याचं नख.

मग निलोफर चौगुले, खोली क्रमांक चार,
हिनं पिशवीतून बाटली काढून
अध्यक्षांच्या फुलदाणीशेजारी ठेवली.
"पाऊस ऑक्टोबरात गेला.
आज डिसेंबरची नऊ तारीख.
नाला पावसाच्या पाण्याचा आहे ना?
मग हे कुणाचं वाहतंय?"
कुणीच काही बोललं नाही.
बाटलीत गाळ हळूहळू खाली बसत होता,
सगळे त्याच्याकडेच बघत होते.

सेल्वराजचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं.
ठेकेदाराच्या माणसांबरोबर आला होता,
दाराशी उभा, चप्पल बाहेर काढून.
"मी आत उतरतो," म्हणाला.
"मोरीच्या तोंडाशी चौदा वायरी आहेत.
काही चालू, काही मेलेल्या.
मेलेल्या कोण काढतच नाही.
त्यांना पिशव्या अडकतात, पिशव्यांना रंगाचा चिखल,
गेल्या वेळी आख्खी गादी होती.
पाणी तिथं थांबतं आणि मागं फिरतं,
या बाईंच्या जिन्याखाली.
कापायला मी तयार आहे, साहेब.
पण चालू कापली तर पाष्टेशेठची पोरं येतात,
आणि मेलेली कुठली
ते हातात धरून कळत नाही."

अध्यक्ष म्हणाले, केबल हा विषय आठ.
चहानंतर.

चहानंतर सेल्वराज नव्हता.
दोनची पाळी होती त्याची.
पाष्टे होते, पांढऱ्या शर्टात, फाइल घेऊन.
हरकती आहेत का?
पंखा फिरत होता.
नाहीत.
मुदतवाढ, पाच वर्षं, एकमतानं.

आता जे सांगते ते इतिवृत्तात नाही.
माझ्या घरी पाष्टेंचीच केबल, सतरा वर्षं.
बिल कधी आलं नाही.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
ते म्हणाले, ताई, तुम्ही आपल्याच.
दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही.

संध्याकाळी टाइप करायला बसले.
सेल्वराजचं बोलणं सातमध्ये घालावं
तर ते तिथं अप्रस्तुत.
आठमध्ये घालावं
तर तो तिथं हजर नव्हता.
अशा बोलण्यांसाठी आमच्याकडे एक वाक्य आहे,
'सभागृहानं नोंद घेतली',
त्यात चौदा वायरी आणि एक गादी
आरामात मावतात.

ते टाइप केलं. खोडलं.
विषय आठच्या खाली लिहिलं :
हरकत, एक. नाव सेल्वराज, आडनाव विचारायचं राहिलं.
वायरी चौदा.
पुढे त्याचे शब्द, जसेच्या तसे,
'मागं फिरतं'सुद्धा.

उद्या भाईडकर साहेब लाल पेन घेऊन बसतील.
मी निवृत्त व्हायला चार महिने आहेत
हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही.
याला धैर्य म्हणू नका,
सतरा वर्षांचं बिल काढलं
तर हे त्याचं व्याजही नाही.

घरी टीव्ही लावला नाही.
खिडकीच्या चौकटीतून वायर बाहेर जाते,
समोरच्या इमारतीवरून, पिंपळाच्या फांदीवरून,
पुढे अंधारात उतरते.
कुठे, ते बघायला आज पहिल्यांदा वाकले.

आणि ती बाटली.
सगळे गेल्यावर ती टेबलावरच होती,
शिपाई म्हणाला, ओतून टाकू का मोरीत?
नको म्हटलं.
माझ्या कपाटात ठेवली आहे.
आवक रजिस्टरमध्ये तिला क्रमांक द्यायला हवा.
'कोणाकडून' या रकान्यात
अजून काही लिहिलेलं नाही.