सोबतची व्यक्ती

इबादानमध्ये रात्री लाइट गेली की
शेजाऱ्यांचे जनरेटर एकामागून एक खोकायला लागतात.
आमचा गप्प असतो. पेट्रोलचे पैसे सध्या
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातात.
डब्यावर मोरादेकेनं खडूनं लिहिलंय: परीक्षा.

मोबाइलच्या उजेडात आम्ही माझी बेरीज मांडतो.
वय एक्केचाळीस. इथंच सगळ्यात मोठी गळती.
गेल्या वाढदिवसाला तिनं कोंबडी केली होती,
त्याच दिवशी त्या देशानं माझे गुण कापले होते,
हे आम्हाला आज कळतंय.
शिक्षण बरं. अनुभव सोळा वर्षं,
मुलांच्या शाळेत योरुबा शिकवतो.

धंद्यांची यादी वर-खाली केली. मग परत एकदा.
सुतार आहे. मधमाश्या पाळणारा आहे.
घोड्यांना नाल ठोकणारासुद्धा आहे.
योरुबाचा मास्तर नाही.

"बरं, आता माझी कर,"
मोरादेके म्हणाली, जांभई आवरत.

ती लशींचे फ्रिज दुरुस्त करते,
सरकारी दवाखान्यांतले, इथून पार इसेयिनपर्यंत.
मामाच्या गॅरेजात शिकली.
आमच्या लग्नात माझी आई पाहुण्यांना सांगत होती,
सून आरोग्य खात्यात आहे.
त्याहून जास्त काही सांगत नव्हती.

वय तेहतीस. हातात कसब.
आकडा चढत गेला, दुधासारखा,
आणि आम्ही दोघं भांड्याकडे बघत राहावं तसे बघत राहिलो.
"बर्फाच्या देशाला फ्रिजवाली हवीय!"
ती एवढ्या जोरात हसली की जिदे झोपेत कुशीवर वळला.

मुख्य अर्जदार: मोरादेके.
खाली माझ्यासाठी एक चौकट होती.
सोबतची व्यक्ती.

छान, मी म्हटलं. खरंच छान.
आणि पाणी आणायला उठलो. तहान नव्हती.

भाषेच्या रकान्यात दोनच भाषा होत्या,
त्यांतली एक आम्ही शाळेच्या पहिल्या दिवसापासून बोलतो,
तरी ती येते हे सिद्ध करायला
दोन महिन्यांचा पगार लागतो.
आणि बँकेत पैसे हवेत, कितीतरी महिने न हललेले.
न हलणारे पैसे! आमच्याकडचे तर
पगाराच्या दिवशीच चपला घालून बसलेले असतात.

सकाळी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं: ओको.
सपाट म्हटलं तर नवरा.
शेवट वर नेला तर कुदळ.
शेवट खाली सोडला तर गाडी.
दोन्ही पावलं खाली, तर भाला.
मुलं एका सुरात म्हणत होती,
नवरा, कुदळ, गाडी, भाला,
आणि मागच्या बाकावरचा अदिगुन नेहमीप्रमाणे
नवऱ्याची कुदळ करत होता.
मी त्याला आज दुरुस्त केलं नाही.
तिथं हे कोण ऐकणार? आणि ऐकलं नाही कुणी,
तर मी नक्की कोणत्या सुरात उरणार?

तिवालादेनं जेवताना विचारलं, "माझे किती गुण?"
"तुझे मोजत नाहीत."
"का?"
तिच्या आईनं तिच्या ताटात आणखी थोडा आमाला वाढला.
माझ्या वडिलांचा रकाना मी शोधला नव्हता असं नाही.
ते समोरच बसले होते, मासा सोलत,
काटे नीट एका बाजूला लावत.

शनिवारी इसेयिनहून फोन आला, फ्रिज बंद पडलाय.
ड्रायव्हर नव्हता, म्हणून मी गाडी काढली.
धुळीचे दिवस; वारा वाळवंटातून थेट डोळ्यांत.
दवाखान्यात ती जमिनीवर आडवी झाली,
डोकं यंत्राच्या मागे, पाय बाहेर,
एका पायातली चप्पल निसटलेली.
मी टॉर्च धरून उभा होतो.
नर्स बर्फाच्या खोक्याला कवटाळून बसली होती,
आत शंभर पोरांचा गोवर.

अर्ज अजून पाठवलेला नाही.
डब्यात अर्धे पैसे आहेत, अर्ध्याहून थोडे कमी.

"जरा डावीकडे," आतून आवाज आला.
मी उजेड डावीकडे नेला.
"आणखी."
आणखी नेला.
"हां. आता हलू नकोस."