ओल धरून

पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या आधी,
मी काट्यावर उभी राहते.
काट्याची जागा ठरलेली : मोरीजवळची तिसरी शहाबादी.
दारातली फरशी जरा उदार आहे,
चारशे ग्रॅम सोडून देते.
तिच्यावर मी हल्ली जात नाही.

बहात्तर शंभर.
काल सत्तर नऊशे होतं.

रात्री काय खाल्लं होतं? एक कडक भाकरी,
पुंटिकुराची आंबट भाजी,
शेंगाची चटणी चमचाभर.
बरं, दोन चमचे.
मटण सोडून आठ महिने झाले, दूध सोडून सहा.
चहात शेंगदाण्याचं दूध घालते.
पहिल्या आठवड्यात फाटायचं,
मग आच कमी ठेवायला शिकले.

सासूबाई काही बोलत नाहीत.
रविवारी फक्त पातेल्यावरचं झाकण
जरा तिरकं ठेवतात.
बोलते ती पॅकिंगमधली शकुंतला गड्डम :
"अनसूयाक्का, म्हैस पण पालाच खाते की.
बारीक झालेली बघितली का कुठं?"
सगळ्या हसल्या. मीही हसले.
हसताना पोट किती हललं, ते मात्र मनात लिहून ठेवलं.

पतसंस्थेच्या कॅलेंडरमागे माझे आकडे आहेत.
एकाहत्तर चारशे. सत्तर नऊशे. बहात्तर शंभर.
बाई एकच, आणि तीन दिवसांत तीन बायका.
पेन्सिल ठेवून दिली.
वाटलं, सुटी झाली की चौकात उतरावं,
गरम शीक घ्यावी, वर लिंबू पिळावं,
आणि हा काटा भंगारवाल्याला द्यावा,
त्याच्याच तराजूत टाकून.

मी टॉवेल तोलते. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
बावीस वर्षं.
डझनाचा गठ्ठा, ठरलेलं वजन, वर चिठ्ठी.
त्या दिवशी आभाळ उतरून आलं होतं,
खिडकीच्या गजांना हात लावला तरी चिकट.
नवा पोरगा नागेश काट्यापाशी घाबराघुबरा :
"अक्का, शंभरानं जास्त भरतंय!
सूत जास्त गेलं काय?"
मी मान वर न करता म्हणाले,
"सूत तेवढंच आहे रे. कापूस आहे तो,
हवेतलं पाणी पितो.
ऊन पडलं की सोडतो. ओल धरून लिही."

त्यानं लिहिलं.
माझा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला.
बावीस वर्षं मी कापसाला हे माफ करत आले.

घरी येऊन परकर बदलताना
नाडीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.
जिथं आधी गाठ बसायची तिथं नाडी चेपलेली, काळपट,
आणि आजची गाठ तिच्यापासून चार बोटं आत.
मला कळायच्या आधी
हे एका दोन रुपयांच्या सुताला ठाऊक होतं.
सासूबाईंना दाखवावंसं वाटलं.
परकराची नाडी कशी दाखवणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे : बहात्तर तीनशे.
अजून दोनशे वर.
वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू,
फरशी बदलून बघावी असंही वाटलं.
मग पेन्सिल घेतली, आकडा लिहिला,
त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं : ओल धरून.

रात्री भिजत घातलेले शेंगदाणे बघितले.
मूठभर होते, दीड मूठ झाले होते.
मिक्सर लावला तशा सासूबाई दारात आल्या.
"ते तुझं शेंगाचं," म्हणाल्या, "आज जरा जास्त कर.
दूधवाला आला नाही."

त्याच्या सायकलची घंटी
मी दहा मिनिटांपूर्वीच ऐकली होती.
काही बोलले नाही.
अजून मूठभर शेंगदाणे घातले, आच कमी केली.