बिघडवण्याचं काम

चांगलं चित्र घ्यायचं आणि ते बिघडवायचं,
याचा मला पगार मिळतो.

सदरलँडच्या पठारावर, जुलैत,
टाकीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ धरलेलं असताना
मी एका जवळच्या सर्पिल दीर्घिकेसमोर बसते.
जवळची म्हणजे तीन कोटी प्रकाशवर्षं.
आमच्या धंद्यात हा शेजार,
भिंतीला भिंत लागलेला.

तिचं सगळं दिसतं.
मधे म्हाताऱ्या ताऱ्यांचा पिवळट गाभा,
बाहूंच्या आतल्या कडेने धुळीची काळी किनार,
किनारीला खेटून नव्या ताऱ्यांचे निळे पुंजके,
आणि गुलाबी ठिपके,
जिथे वायू अजून पेटलेला आहे.

मग मी तिला लांब पाठवते.
लहान करते. मंद करते.
धूसर करते, लोकरीआडून दिवा पाहावा तशी.
वरून खरखर भुरभुरते, हात आखडता न घेता.
आधी बाहू जातात.
नाही, आधी धूळ जाते; बाहू हटवादी असतात,
ते एखाद्या वळणापुरते तग धरून राहतात.
शेवटी उरतो सहा-सात चौकटींचा डाग.

तो डाग मी ठेवते दुसऱ्या, खऱ्या डागाशेजारी,
ज्याचा प्रकाश निघाला तेव्हा
हे पठार नव्हतं, पृथ्वी नव्हती,
उजाडण्यासाठी सूर्यही नव्हता.
आणि विचारते,
अशीच आहेस का तू?

हे एकदा पाला सांगितलं.
अब्राम फ्लूर्स. चव्वेचाळीस वर्षं
दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरल्या,
आता उजव्या हाताची मूठ वळत नाही.
त्याने कॉफी बशीत ओतली, फुंकली.
म्हणाला, डेलीन, यात नवीन काय?
समोरच्या टेकडीवरचे ठिपके दाखव,
मी सांगतो लंगडी कुठली, गाभण कुठली,
कुणाच्या कानाला खाच आहे.
डोळे तीक्ष्ण आहेत म्हणून नाही गं,
एकेकीला गुडघ्यांत दाबून बसलोय म्हणून.

पण पा एकदा चुकला होता.
लंगडी म्हणून ज्या ठिपक्यामागे तो उतार चढून गेला,
ते तिचं कोकरू निघालं,
दोन दिवसांचं, पाय अजून न सापडलेलं.

परवा रात्री तेच झालं.
चाळीस शेजारणी बिघडवून पाहिल्या,
एकही त्या डागावर बसेना.
तो एका बाजूला कललेला,
आणि कडेला एक गाठ जास्तीची, भलतीच तेजाळ.
लांबची म्हणजे जवळचीच लांब नेलेली,
असं मी धरून चालले होते.
ती तर कोवळी आहे.
अजून तिचे बाहू ठरायचे आहेत.

मी एक डाग दुसऱ्यातून वजा केला.
उरली फक्त ती गाठ.
हिशेब चुकला की असं काहीतरी उरतं,
म्हणून चार वेळा तपासलं.
चारही वेळा ती तिथेच.

पाने विचारलं, जवळ आणता येत नाही का तिला?
म्हटलं, नाही.
मग बघत राहा, तो म्हणाला,
चालायला लागली की कळेल.

एक फेरी घ्यायला तिला
वीस कोटी वर्षं लागतील,
हे मी बोलले नाही.
त्याची बशी रिकामी झाली होती.
मी अजून थोडी ओतली.