सातवी ब, चौथा तास

फळ्यावर सिमिली लिहिते. खाली रेघ.
"सिंहासारखा शूर," पुस्तक म्हणतं.
"कात्रजचा तर झोपलेला असतो, मॅडम," वीणा ढमढेरे.
वर्ग खिदळतो. मीही, थोडी उशिरा.

'लाइक' काढून टाकलं की मेटाफर.
हे लगेच पटतं: एक शब्द कमी लिहायचा.
हायपर्बलीला अख्खा वर्ग 'हायपर-बोल' म्हणतो
आणि मी दुरुस्त करत नाही. पेठेतली मुलं,
जास्तीचं बोलणं त्यांना कुणी शिकवायचं?

मग तो लांबलचक शब्द, ज्याचं स्पेलिंग
मीही डब्याच्या सुट्टीत दोनदा पाहून आलेय:
ऑनोमॅटोपिया. बझ. बँग. स्प्लॅश.
"मराठीतले सांगा."
खळखळ, गडगड, टिकटिक,
मागून कुणीतरी बाकावर वाजवूनच दाखवतो.

तांबट आळीचा ओजस करडे
कधी हात वर करत नाही. आज करतो.
"ठोका नीट बसला की ठण्ण,
चुकला की ठप्प.
बाबांना दोन्ही ऐकू येत नाहीत आता.
ते पातेल्याला बोटं टेकवतात, मग कळतं."
जरा थांबून, "ही कुठली फिगर ऑफ स्पीच, मॅडम?"

मी पुस्तकामागची यादी चाळते,
अ‍ॅलिटरेशनपासून.
घंटा होते.
"यादीत नाही रे," म्हणते.

सगळे गेल्यावर फळ्याला बोटं टेकवते.
भिंतीपलीकडे सहावी अ अजून पाढे म्हणतेय.
काही कळत नाही.
एकोणतीसच्या पाढ्याला
थोडं कळतं.