नोंदवही

तीस वर्षं मी सामुद्रधुनीतली जहाजं नोंदवली:
वेळ, नाव, झेंडा, दिशा.
आता त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर
गोगलगायी.

३ जून. रात्री अकरा. विजेरीच्या उजेडात बेचाळीस.
झेंडा: नाही. दिशा: काचेवरून वर.

आल्या कुठून ते ठाऊक आहे.
बाजारातल्या द्रागिनाबाईंनी रोप दिलं
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, फुकट.
फुकट म्हटल्यावर धुऊन घ्यायचं सुचलं नाही.
पानाच्या पाठीला एक थेंब होता, गोठल्यासारखा,
आत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके.
मला वाटलं, पाणीच.

इथे पुंता अरेनासला वारा असा
की चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालायला.
आत टाकीत चोवीस अंश,
हिरव्या फिती डुलतायत,
आणि त्यांच्यावर हे बिनदोराचे, निवांत लोक.
गोगलगाय अन् पोटात पाय.
पाय होतेच; शिवाय पुढची पिढीही.

उपाय केले.
काकडीची चकती काट्याला टोचून रात्री बुडवली;
सकाळी तिच्यावर सभा भरलेली.
सभा उचलून बाहेर टाकली.
संध्याकाळी पुन्हा गणपूर्ती.
दुकानदार म्हणाला, तांब्याचं औषध घाला, आठवड्यात साफ.
आणि माझ्या कोळंब्या?
"त्याही," तो म्हणाला, पावती फाडता फाडता.
बाटली अजून फडताळात आहे, सील न तोडलेली.
बोटाने चिरडून पाहिली एक, काचेवर.
आवाज फार लहान होता.
तरी त्या रात्री रेडिओ लावून बसलो.

मग रायेन आली, खालच्या मजल्यावरची, अकरा वर्षांची,
जॅमची रिकामी बरणी घेऊन.
"तुमच्याकडे गोगलगायी झाल्यात, असं जिन्यात कळलं."
तिच्याकडे एक फुगा मासा, नाव अल्मिरांते,
लिंबाएवढा, कायम रागावलेला.
त्याचे दात उंदरासारखे वाढत राहतात;
फोडायला कवच नसेल
तर एक दिवस खाताच येत नाही.

दर गुरुवारी. ती मोजायची, मी लिहायचो.
१२ जुलै. सव्वीस. दिशा: खालचा मजला.
कधी बिस्किटं. कधी तिचं भूगोलाचं पुस्तक,
ज्यात आमची सामुद्रधुनी करंगळीएवढी.

ऑगस्टात एका गुरुवारी सापडल्या फक्त सात.
ती काही बोलली नाही.
बरणी उजेडाला धरून हलवून पाहिली.
त्या रात्री मी माशांना दोन चिमट्या जास्त टाकल्या,
तळाशी पडून कुजतील इतक्या,
पाठीमागे वळून बघत,
आपल्याच घरात चोर.

नोव्हेंबरात तिच्या वडिलांना तांब्याच्या खाणीत काम लागलं,
पार उत्तरेला, वाळवंटात, कलामाला.
अल्मिरांते थर्मासमधून गेला.
दोन आठवड्यांनी निरोप आला:
"इथे कुणाकडे गोगलगायी नाहीत, एलेउतेरिओआजोबा.
दात दिसायला लागलेत."

पाच निवडल्या.
निवडायच्या म्हणून पहिल्यांदाच एकेक नीट पाहिली:
एकीचं कवच मधाच्या रंगाचं,
एकीला कडेला टवका; ती परत सोडली, दुसरी घेतली.
फोटोच्या रोलची जुनी डबी, ओलं शेवाळ, झाकणाला भोक.
सोबत चिठ्ठी:
"महिनाभर एकही त्याला देऊ नकोस, आधी वाढू दे.
नळाचं पाणी तपासून घे. तांबं असेल तर मरतील."

पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय?
"बियाणं."
किंमत?
मी रकान्याकडे इतका वेळ बघत राहिलो
की मागचा माणूस खाकरला.

२९ नोव्हेंबर. पाच. दिशा: उत्तर.
वाऱ्यात दोर धरून घरी आलो, कोट काढला.
सहावी बाहीवर होती,
अजून ओली.